जिन्याखाली, साडेतीनपर्यंत

"जन्म-मृत्यू का?" शिपायाने आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता बारा-वीस झाले. साडेबारापर्यंत ते पश्चिमेच्या काचेपाशी असते. तिथून पुढं साडेतीनपर्यंत जिन्याखाली. तुम्ही असं करा, सरळ जिन्याखालीच जाऊन उभे राहा. टेबल येईल तिथं."

"टेबल येईल?"

"येते न. रोजच येते."

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. बाहेर पंचेचाळीस अंश; आत किती, ते कुणी मोजत नव्हतं. मांडवपूर नगरपालिकेच्या नव्या इमारतीत मी उभा होतो आणि आजूबाजूला कर्मचारी डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन, काही जण तर चक्क छत्री उघडून, फायली लिहीत होते. काचांना आतून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स चिकटवलेले होते. ऊन त्यांच्यातून गाळून आत येत होतं, त्यामुळे जन्म-मृत्यूची रांग हिरवी दिसत होती आणि घरपट्टीची गुलाबी.

ही इमारत मी काढलेली होती.

माझं नाव उल्हास काळमेघ. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि पुण्यात माझं छोटंसं ऑफिस होतं. मांडवपूर हे माझं गाव. तिथल्या नगरपालिकेचं काम मला स्पर्धेतून मिळालं. चारही बाजूंनी काच, मध्ये तीन मजली मोकळी जागा आणि तिच्यावर काचेचं छत. संगणकावर मी वर्षभराच्या उन्हाचा हिशेब केला होता, पण तो एसी चालू धरून. उद्घाटन त्या मेच्या दीड वर्ष आधी, डिसेंबरात झालं. एका मासिकाने मुखपृष्ठावर फोटो छापला. मार्चमध्ये पहिल्यांदा एसी लावला, तर अख्ख्या वॉर्डाची वीज गेली आणि पाण्याचे पंप बंद पडले. लोक घागरी घेऊन मोर्चाने आले. त्यानंतर एसी कायमचा बंद झाला. खिडक्या उघडाव्यात, तर उघडणारी एकही खिडकी मी ठेवलेली नव्हती.

हे सगळं मला त्या दिवशी तिथे कळलं. तोवर मला काहीच माहीत नव्हतं. मी गावी यायचो ते दिवाळीला, छान हवेत. बाबा गावात एकटेच राहायचे. दर रविवारी फोनवर मी विचारायचो, "इमारत कशी आहे?" ते म्हणायचे, "उभी आहे." मला वाटायचं, म्हाताऱ्याचं कौतुक असंच असतं.

आठ मे रोजी बाबा झोपेतच गेले. दिवस झाले, पाहुणे परतले आणि त्यांची पेन्शन बंद करण्यासाठी मृत्यूचा दाखला हवा म्हणून मी नगरपालिकेत आलो होतो.

कर्मचाऱ्यांपैकी मला कुणी ओळखत नव्हतं. बांधकामाच्या वेळी मी तीनदा आलो, तेही डोक्यावर हेल्मेट घालून; उद्घाटनाला येणं जमलं नव्हतं. काम पाहणारा इंजिनिअर बदलून गेला होता. दारावरच्या पाटीवर 'संकल्पना : यू. के. स्टुडिओ' एवढंच होतं.

साडेबाराला शिपायाने घंटा वाजवली आणि ओरडला, "सरकवा!"

सगळे खुर्च्यांवरून उठले. टेबलांना चाकं लावलेली होती. एकेक टेबल, त्यावरच्या फायली, शिक्के, पाण्याची बाटली आणि टेबलफॅन यांच्यासकट चालू लागलं. त्यांच्यामागून रांगाही चालू लागल्या. दोन रांगा मधल्या मोकळ्या जागेत एकमेकींना आडव्या गेल्या आणि क्षणभर कोण कुठला तेच कळेना. माझ्या पुढच्या बाईने जन्म-मृत्यूच्या टेबलाचा कोपरा घट्ट पकडला होता.

"धरून ठेवा, भाऊ," ती मला म्हणाली. "मागच्या खेपेला मी सोडलं, तर पाणीपुरवठ्याच्या रांगेत निघाली. नळ घेऊन घरी गेली मी."

मी दुसरा कोपरा धरला.

मागून कडेवर बाळ घेतलेला एक तरुण बाप वैतागून म्हणाला, "ज्यानं हे काचेचं खोकं काढलं न, त्याले आणा इथं. मे महिनाभर बांधून ठेवा!"

शिपाई टेबल ढकलता ढकलता थांबला. साठीच्या जवळचा, सडपातळ माणूस. खिशावर 'शेषराव' अशी पट्टी होती.

"ए भाऊ, तोंड सांभाळ," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाले बोलू नोको."

"कोण गेलं?" मी विचारलं.

"ज्यानं हे काढलं तो. लंडनचा होता बिचारा. पाटीवर लिहिलं हाय न, यू. के."

माझ्या हातातून टेबल सुटलं. बाईने ते सावरलं.

"कशाने गेला?"

"उन्हानं."

"लंडनला?"

"तेच तर न," शेषराव हळहळून म्हणाला. "त्या लोकाईले सवय नसते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या ओव्हरसिअर साहेबांनी. ते बोलले म्हणजे खरंच. आम्ही दोन मिनिटं उभे राह्यलो होतो, मुख्याधिकारी साहेबासकट. तवापासून त्या माणसाले शिव्या द्यायचं बंद केलं आम्ही. आधी रोज देत होतो."

ओव्हरसिअर म्हटल्यावर माझ्या डोक्यात काही हललं, पण गावात निवृत्त ओव्हरसिअर काय एकटे बाबाच नव्हते. शिवाय घामाने माझे डोळे चुरचुरत होते आणि मी स्वतःच्या मृत्यूची बातमी नुकतीच ऐकली होती.

टेबल जिन्याखाली जाऊन थांबलं. तिथे खरोखरच सावली होती. जन्म-मृत्यू विभाग तेलगोटे मॅडम सांभाळत. ओला रुमाल मानेवर ठेवून त्यांनी फॉर्म पुढे ओढला. माझा नंबर येईपर्यंत पावणेतीन झाले.

"मृत व्यक्तीचं नाव?"

"वामन सखाराम काळमेघ."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि मग जोरात हाक मारली, "शेषराव! अहो शेषराव, ओव्हरसिअर साहेबांचा मुलगा आला!"

शेषराव आला. पाठोपाठ घरपट्टीवाला आला, बांधकाम विभागातले दोघं आले. रांगेतल्या बाईनेही डोक्यावर पदर घेतला. मला एका खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी एवढंच विचारलं, "बाबा इथे यायचे?"

"यायचे म्हणजे?" तेलगोटे मॅडम म्हणाल्या. "वर्षभर रोज. रविवार सोडून. रविवारी म्हणे तुमचा फोन असायचा."

त्यांनी ड्रॉवर उघडून एक फाईल काढली. आत आलेखाच्या कागदावर पंधरवड्या-पंधरवड्याची वेळापत्रकं होती. उभ्या रकान्यात विभाग, आडव्या रकान्यात वेळा, आणि प्रत्येक चौकटीत टेबलाची जागा. 'जन्म-मृत्यू : जिन्याखाली, ३.३० पर्यंत.' 'आवक-जावक : लिफ्टच्या आड. ११ नंतर हलवणे.' 'वृद्ध नागरिकांची रांग कोणत्याही वेळी मध्यभागी घेऊ नये.' अक्षर सरळ, टोकदार, प्रत्येक आकड्याखाली बारीक रेघ. छत्तीस वर्षं सरकारी पुलांची आणि विश्रामगृहांची मोजमापं लिहिलेलं अक्षर. या अक्षरात मला शाळेत असताना पत्रं आली होती.

"मागच्या जूनमध्ये आले पहिल्यांदा," शेषराव सांगू लागला. "काही काम नव्हतं. नुसते उभे राह्यले तासभर. मंग खडू मागितला. जिथं ऊन येई तिथं फरशीवर रेघ मारायचे, बाजूले वेळ लिहायचे. आम्हाले वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पंधरा दिवसांनी कागद घेऊन आले. म्हणे, टेबल असे हलवा. आम्ही हसलो. पण पाणीपुरवठ्याची मोहोड मॅडम चक्कर येऊन पडली होती न त्या हप्त्यात. मंग हलवून पाह्यले. तवापासून एकही माणूस पडला नाही इथं."

"चाकंही त्यांनीच बसवून घेतली," तेलगोटे मॅडम म्हणाल्या. "वेल्डरच्या डोक्यावर उभं राहून."

मला आठवलं, काम सुरू होण्याआधी मी बाबांना लॅपटॉपवर इमारत दाखवली होती. पडद्यावर आपण दारातून आत शिरतो, जिना चढतो, वर काचेतून ढग दिसतात. बाबांनी सगळं नीट पाहून एकच विचारलं होतं, "हिची खिडकी उघडते कुठून?" मी हसून म्हणालो होतो, "बाबा, आता खिडक्या उघडायच्या नसतात." त्यांनी मान डोलावली होती आणि चष्मा पुसायला घेतला होता.

"तो आर्किटेक्ट गेला, असं ते नेमकं कसं म्हणाले?" मी विचारलं.

शेषरावने डोकं खाजवलं. "एकदा आम्ही सगळे मिळून लय वाईट बोलून राह्यलो होतो त्याले. त्याच्या मायबापापर्यंत गेलो होतो. ओव्हरसिअर साहेब रेघ मारत होते. तशेच वाकलेले राह्यले थोडा वेळ. मंग म्हणे, 'गेला हो तो. आता कशाले बोलता.' बस, एवढंच."

"उन्हाने गेला, असं म्हणाले?"

"ते आम्ही अंदाजानं धरलं."

'गेला तो.' पुण्याला गेला, असं त्यांना म्हणायचं होतं की दुसरं काही, हे मला आजही माहीत नाही. लोकांनी काय अर्थ घेतला, ते मात्र त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं असणार. दोन मिनिटं उभे राहिले तेव्हा ते तिथेच होते. त्यांनी दुरुस्ती केली नाही. शेषराव म्हणाला, तेही मान खाली घालून उभे होते.

तेलगोटे मॅडमनी फाईलचं शेवटचं पान उलटलं. "हे एकतीस मेपर्यंत आहे, मेचं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. एक तारखेपासून काय करायचं, तो प्रश्नच आहे. त्यांनी सुरुवात केली तेव्हा मागच्या जूनचा पहिला पंधरवडा होऊन गेला होता. तेवढ्याचंच पान नाही."

मी फाईल ओढून घेतली. काही ठरवून नाही. हात आपोआप गेला. "एकवीस जूनला सूर्य परत फिरतो," मी म्हणालो. "त्याच्या आधी जितके दिवस, त्याच्यानंतरही तितक्याच दिवसांनी ऊन साधारण त्याच जागी पडतं. एक जूनला अकरा जुलैचं पान लावा. दोन जूनला दहा जुलैचं. असं उलट मोजत या. पंधरवडा निघून जाईल."

सगळ्यांनी बोटांवर मोजून पाहिलं.

"तुम्हाला कसं काय माहीत हे?" घरपट्टीवाल्याने विचारलं.

"मी आर्किटेक्ट आहे."

तेलगोटे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "इथे मोठ्याने नका म्हणू हे. कुठली कामं केलीत?"

"ही इमारत."

"ती तर लंडनच्या..."

"यू. के. म्हणजे उल्हास काळमेघ."

शेषरावने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "पण तुम्ही तर गेले न."

कुणी हसलं नाही. तो तरुण बाप, ज्याला मला मे महिनाभर बांधून ठेवायचं होतं, मागे सरकला आणि त्याने बाळाच्या तोंडावर हात धरला.

मला आता तिथे बसवेना. मी मुख्याधिकाऱ्यांना भेटायचं म्हणालो. वेळापत्रकाप्रमाणे ते त्या वेळी अभिलेख कक्षात, दोन कपाटांच्या मध्ये असायचे. निकाळजे साहेब तरुण होते, कोल्हापूरकडचे, वर्षभरापूर्वी बदलून आलेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला हे दुरुस्त करायचं आहे," मी म्हणालो. "पश्चिमेला आणि दक्षिणेला काचेच्या बाहेर विटांची जाळी उभी करता येईल. छतावर पत्र्याची सावली. आणि प्रत्येक मजल्यावर उघडणाऱ्या खिडक्या. नकाशे मी करून देतो. मला काही नको."

"उत्तम," ते म्हणाले, आणि उठून कपाटातून एक फाईल काढली. "फक्त एक अडचण आहे. इमारतीत बदल करायचा तर मूळ वास्तुविशारदाची संमती लागते."

"मी देतो की."

"तुम्ही मयत आहात." त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. "मागच्या सप्टेंबरमध्ये सभेत ठराव आला होता. वास्तुविशारदावर नोटीस काढावी, चौकशी करावी, परवाना रद्द करण्याची शिफारस करावी. त्यावर ऑफिसने टिप्पणी दिली. वाचा."

मी वाचलं. 'सदर वास्तुविशारद मयत असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात यावे.' म्हणजे फाईल बंद. खाली 'सर्वानुमते मंजूर'.

"विश्वसनीय सूत्र म्हणजे?"

"तुमचे वडील," निकाळजे म्हणाले. "सहीही माझीच आहे. मी काय करणार, दोन मिनिटं उभा राहिलो होतो."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढून ऑफिसचा आवाज सोडून बोलले, "हे पाहा काळमेघ. तुम्ही जिवंत आहात असं मी नोंदवून घेतलं, तर हे प्रकरण आपोआप उघडतं. नोटीस निघेल. चौकशी होईल. बाई चक्कर येऊन पडली होती, ते त्यात येणार. तुमचा परवाना जाऊ शकतो. आणि तुम्ही आहात तसेच मयत राहिलात, तर तुम्हाला कुणीही हात लावू शकत नाही. वडिलांचा दाखला घ्या आणि पाचच्या गाडीने पुण्याला जा. मी काही ऐकलंच नाही असं समजतो."

दोन कपाटांच्या मध्ये पंखा नव्हता. निकाळज्यांच्या टेबलावर बाबांचं वेळापत्रक काचेखाली ठेवलेलं होतं. त्यात मुख्याधिकाऱ्यांच्या रकान्यापुढे एक टीप होती : 'येथे हवा नाही. साहेबांनी दर तासाला बाहेर यावे.'

"जिवंत असल्याचं सिद्ध करायला काय लागतं?" मी विचारलं.

निकाळज्यांनी फाईल मिटली. "हयातीचा दाखला."

"तो कुठे मिळेल?"

"जन्म-मृत्यू विभागात," ते म्हणाले आणि घड्याळात पाहिलं. "पण आता साडेतीन होऊन गेलेत. पूर्वेच्या व्हरांड्यात बघा."

पुढचं आधीच सांगून टाकतो. नोटीस आली. चौकशी चौदा महिने चालली. मी प्रत्येक सुनावणीला आलो आणि मोहोड मॅडमच्या समोर बसून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणालो. परवाना एक वर्षासाठी निलंबित झाला, पुण्यातलं ऑफिस बंद झालं. पण पश्चिमेची जाळी उभी राहिली, आणि पहिली खिडकी उघडली त्या दिवशी अख्खी घरपट्टी तिच्यासमोर रांगेत उभी होती, एकेकाने येऊन हवा घ्यायला. टेबलांची चाकं त्यानंतर दोन वर्षांनी काढली. काही कर्मचाऱ्यांचा विरोध होता. त्यांना सवय झाली होती.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात गेलो तेव्हा रांग पुन्हा मोठी झाली होती. मला पाहून लोक बाजूला झाले. मी पुढे गेलो नाही. शेवटी जाऊन उभा राहिलो. कुणीतरी मागे वळून विचारलं, "तुम्हीच का ते?" मी हो म्हणालो. त्याने दोन पावलं सरकून मला सावलीत जागा करून दिली.

नंबर आल्यावर तेलगोटे मॅडमनी दोन फॉर्म समोर ठेवले.

"हयातीसाठी दोन साक्षीदार लागतात. तुम्हाला जिवंत पाहिलंय असं लिहून देणारे."

शेषरावने आधी सही केली. सही करण्यापूर्वी त्याने माझा दंड चाचपून पाहिला. दुसरी सही त्या टेबलाचा कोपरा धरणाऱ्या बाईने केली. तिचं काम केव्हाच झालं होतं, पण ती थांबली होती.

"पूर्ण नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. "आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव."

"उल्हास वामन काळमेघ."

त्यांनी लिहिलं. मग दुसरा कागद ओढून तो पूर्ण केला. दोन्हीवर एकाच शिक्क्याचे ठसे उठवले, शाई वाळावी म्हणून दोन्ही कागद बाहेरच्या उन्हात धरले आणि पुन्हा एकदा वाचून पाहिले. एका कागदावर वामन मयत होते. दुसऱ्यावर तेच वामन मधल्या जागेवर, माझ्या नावाला लागून होते.

"नीट ठेवा," दोन्ही कागद माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "आणि देताना पाहून द्या. घाईत एकाच्या जागी दुसरा जाईल."